विसावी बाटली

दौंडात बिअर पिणारे पुष्कळ होते, पण ती बाटली धुणाऱ्या बाईचं नाव त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. बाटली स्वच्छ दिसते म्हटल्यावर ती कुणी स्वच्छ केली, हे विचारतो कोण? तेव्हा नाव आधीच सांगून टाकू. तिचं नाव रंभा. माहेर शिरूर तालुक्यातलं निमोणे, सासर दौंडच्या रेल्वेलायनीपलीकडची बौद्ध वस्ती, आणि काम पोपटरावांच्या डेपोत रिकाम्या बाटल्या धुण्याचं.

दारूबंदी सैल झाली, परवाने सुटले आणि दोन-चार वर्षांत दौंडात बिअरचं दुकान आलं. दुकान पोपटरावांचं. हे राहूचे बागायतदार, सोसायटीत वजन असलेले, पांढऱ्या टोपीतले गृहस्थ. दुकानामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी पत्र्याची शेड घातली आणि बाटल्यांचा डेपो काढला. बारमधून, ढाब्यांवरून, भंगारवाल्यांकडून पोत्यांनी बाटल्या यायच्या. आठ बायका त्या धुवायच्या, ट्रक भरायचा आणि बाटल्या परत बिअरच्या कंपनीकडे जायच्या. तिथे त्या पुन्हा भरल्या जात आणि फिरून पोपटरावांच्याच दुकानात येत. म्हणजे पिणाऱ्याला दर वेळी वाटायचं की आपण नवी बाटली फोडतोय, आणि ती असायची दहा जणांच्या तोंडची.

शेडमध्ये तीन हौद होते. पहिल्यात कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी. त्यानं लेबलं सुटायची, आणि बायकांच्या हाताची कातडीही. दुसऱ्यात ब्रश, तिसऱ्यात साधं पाणी. पण रंभेच्या लेखी खरं काम पहिल्या हौदाच्याही आधी सुरू व्हायचं. बाटली हातात घ्यायची, तोंडावर अंगठा दाबायचा, एकदा हलवायची आणि अंगठा काढून नाकाला लावायची. हा नियम पोपटरावांनी घातला नव्हता. तो रंभेनं घातला होता आणि बाकीच्या सात जणींना दटावून दटावून शिकवला होता. कारण लोक रिकाम्या बाटलीत काय भरतील याचा नेम नाही. रॉकेल भरतात, फिनेल भरतात, गोडेतेल भरतात. यातलं बहुतेक सगळं कॉस्टिकनं निघतं. एक निघत नाही. एंड्रिन.

आता एंड्रिन म्हणजे काय, हे त्या काळच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नव्हतं. वांग्यावर, कपाशीवर, उसावर फवारायचं किडीचं औषध. सगळे त्याला औषधच म्हणायचे. माणूस मारणाऱ्या वस्तूला औषध म्हणायचं आणि वर ते नाव बिनदिक्कत रोज घ्यायचं, ही आपली जुनी हुशारी. सोसायटीतून ते पिंपातून मिळायचं आणि ज्यानं त्यानं आपली बाटली न्यायची. बिअरची बाटली जाड, तपकिरी, बूच घट्ट बसणारी. याहून सोयीची बाटली कोणती?

रंभेला हा वास लग्नाआधीपासून माहीत होता. तिची थोरली बहीण चांगुणा निमोण्याशेजारच्याच वाडीत दिली होती. चांगुणाला बांधावर एक तपकिरी बाटली सापडली. बाई काटकसरी. बाटली घरी आणली, राखेनं घासून तीनदा धुतली, उलटी टांगून वाळवली आणि तिच्यात गोडेतेल भरलं. त्या तेलात तिनं दिवाळीची भजी तळली. घरातले सगळे वाचले, कारण तळता तळता पहिला घाणा तिनं स्वतःच खाल्ला. बैलगाडीतून शिरूरला नेताना तिचं डोकं रंभेच्या मांडीवर होतं. तोंडाला फेस होता आणि मधेच शुद्धीवर येऊन ती एकच बोलत होती, "मी चांगली धुतली हुती गं. राखेनं धुतली हुती." शिरूर यायच्या आधी बोलणं थांबलं.

तेव्हापासून रंभा कुठलीही बाटली नाकाला लावल्याशिवाय घरात घेत नसे. अशा बाईच्या नशिबी बाटल्याच धुणं यावं, हाही एक न्यायच.

वस्तीत तिला बायका टोमणे मारायच्या. "बापानं धम्म घेताना दारू सोडली, आन् लेक दारूच्या बाटल्या धुतीय. वर वास घेऊन नाकानं कांदे सोलतीय." बाप म्हणजे भिमा. छप्पन साली त्यानं बावीस प्रतिज्ञा घेतल्या, आणि त्या दिवसापासून मरेपर्यंत गावच्या पाटलाच्या हातूनही घोट घेतला नाही. पूर्वी गावकीचं काम केलं की मजुरी म्हणून दारूच हातावर ठेवायचे. भिमानं तो हातच मागे घेतला. रंभा त्या बापाची लेक होती, आणि दारू विष आहे हे तिला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती. पण घरात दोन पोरं होती आणि डेपोत हजेरी मिळत होती. ती टोमणे मारणारीला एवढंच म्हणायची, "बाटली धुतीय मी, भरत न्हाई."

नवऱ्याचं मात्र तिला उत्तर सापडत नव्हतं. म्हाळू रेल्वेच्या लोकोशेडमध्ये, इंजिनांच्या कामावर, खलाशी म्हणजे मजूर. माणूस स्वभावानं गरीब, भांडण नको, कुणाला नाही म्हणायचं नाही. हातभट्टीला त्यानं कधी हात लावला नाही, कारण शपथ त्यानंही घेतली होती. मग बिअर आली. पाळी संपली की तो पोपटरावांच्या दुकानात खोकी उतरवू लागला, आणि पोपटराव खूश होऊन त्याच्या हातात एक थंड बाटली ठेवू लागले.

"आवो, शपथ घेतलीया ना?" रंभेनं पहिल्या दिवशी विचारलं.

"दारूची घेतलीया," म्हाळू म्हणाला. "ही दारू न्हवं. जवाचं पानी हाय. मुतखड्याला डागदरच देत्यात."

"तुम्हाला मुतखडा हाय?"

"झाला तर?"

मुतखडा होऊ नये म्हणून तो आधी आठवड्याला एक औषध घेई. मग दोन. मग रोज. "दगडापेक्षा वीट मऊ," तो म्हणायचा, "हातभट्टीवाल्यांचं बघ, आंधळं व्हत्यात." आणि सत्याहत्तरच्या उन्हाळ्यापर्यंत म्हाळूचे पाय संध्याकाळी सुजू लागले होते, सकाळी चहाची बशी हातात थरथरत होती आणि डोळ्यांत हळद उतरली होती. रंभेनं ते दाखवलं की तो म्हणायचा, उष्णता झालीय. आणि उष्णतेवर उपाय काय, तर थंडगार बिअर.

त्याच उन्हाळ्यात, वैशाखातल्या एका सकाळी, राहूहून एक पोतं आलं.

कस्तुराबाई म्हणून डेपोतली सगळ्यांत जुनी बाई, तिनं पोत्याचं तोंड सोडलं. रंभेनं पहिली बाटली उचलली, अंगठा दाबला, हलवली, नाकाला लावली आणि खाली ठेवली. दुसरी घेतली, तीही ठेवली. तिसरीनंतर तिनं कस्तुराबाईंना हात लावू नका म्हणून सांगितलं. एकेक करून सगळं पोतं हुंगलं. एकोणीस बाटल्यांना एंड्रिनचा वास होता. काहींच्या तळाशी अजून तेलकट थेंब हलत होता.

अशी एखादी बाटली महिन्या-दोन महिन्यांनी निघायची. ती शेडमागच्या काचांच्या खड्ड्यात फोडायची, हा रिवाज होता. पोपटराव कुरकुरायचे, पण एका बाटलीसाठी कोण बोलणार? एकोणीस म्हटल्यावर मुकादम सर्जेराव धावत दुकानात गेला आणि पोपटराव स्वतः शेडमध्ये आले.

"काय झालं, रंभे?"

"मालक, ह्या फोडाया पायजेत. औषिदाच्या हायती."

"धुवा की मग. त्येच्यासाठीच ठेवलंय तुम्हाला."

"धुऊन जात न्हाई ह्ये."

पोपटरावांनी पोत्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढली. ते पोतं त्यांच्याच मळ्यातलं होतं. त्यांच्याच गड्यानं पिंपातलं एंड्रिन बाटल्यांत भरून बांधाबांधावर नेलं होतं, आणि फवारणी झाल्यावर रिकाम्या बाटल्या मालकाच्याच डेपोला धाडल्या होत्या. यातला शब्द न् शब्द त्यांना माहीत होता. एकोणीस बाटल्यांनी त्यांचं घर बुडणार नव्हतं. पण एका बाईनं सांगितलं म्हणून फोडायच्या, त्यातून ती लायनीपलीकडच्या वस्तीतली, आणि आपल्याच मळ्याच्या, हे त्यांना बुडण्याहून जड होतं.

"कंपनीत पुन्हा मशीनवर धुत्यात," ते म्हणाले. "तू कशाला जिवाला लावून घेतीस? दुपारी ट्रक हाय. टाका हौदात."

"म्या न्हाई टाकणार."

शेडमध्ये पाण्याचा आवाज थांबला. बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या, पण ब्रश कुणीच हलवेना.

पोपटराव हसले. चिडण्यापेक्षा हसणं बरं, हे पुढाऱ्याला कळतं. ते म्हणाले, "आगं, तू तर म्हणतीस दारू म्हंजी इख. दुकानासमोरनं जाताना तोंडाला पदर लावतीस. मग इखाच्या बाटलीत थेंबभर इख राहिलं, तर तुझं काय बिगडतं? पिणारे मरायलाच निघाल्यात म्हणतीस ना?"

सर्जेराव खदाखदा हसला. एक-दोन बायकाही हसल्या, काय करणार, हजेरी त्याच्या हातात होती. रंभेच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. वर्षानुवर्षं ती जे बोलत आली, ते तिचंच बोलणं उचलून या माणसानं तिच्या तोंडावर फेकलं होतं. ती ज्याला विष म्हणते म्हणून हे सगळे तिला वेडी ठरवत होते, तेच आज सोयीचं झालं तर विष ठरत होतं.

"मालक," ती म्हणाली, "पिणारा जे पितो ते त्येला म्हाईत असतं. बाटलीवर लिवल्यालं असतं. त्यो आपल्या हातानं पितो. ह्ये कुटं लिवलंय? ह्ये म्या त्येला माझ्या हातानं पाजू व्हय?"

"धुतल्यावर काय ऱ्हातंय त्यात?"

"माझ्या भैनीनंबी धुतली हुती. तीन येळा धुतली हुती."

पोपटरावांना बहीण माहीत नव्हती आणि विचारावंसंही वाटलं नाही. ते म्हणाले, "तुला काम करायचं नसंल तर तसं सांग. दहा जणी हायेत दारात."

तेव्हा रंभा पोत्यापाशी गेली. तिनं एक बाटली उचलली. "बरं. माझं ऐकू नगा. ही एक म्या धुते. तुमच्या कॉस्टिकनं, तुमच्यासमोर. मग अर्धा घंटा उनात ठेवू. मग तिच्यात साधं पानी भरते आन् तुम्ही ते प्या. तुम्ही प्याला, तर अठराच्या अठरा म्या गप धुते आन् परत तोंड उघडत न्हाई."

ती बाटली तिनं अशी धुतली, की तशी बाटली त्या डेपोत कुणी धुतली नसेल. कॉस्टिकमध्ये दोनदा बुडवली. ब्रश मनगटापर्यंत फिरवला. साध्या पाण्यानं चारदा विसळली. कस्तुराबाईंनी हुंगली तर वास नव्हता. पोपटराव म्हणाले, "बघा!" रंभेनं ती अंगणातल्या फरशीवर, भर उन्हात नेऊन ठेवली. वास धुतला की जातो आणि काच तापली की परत येतो, हे तिला ठाऊक होतं, कारण हेच तिच्या बहिणीला ठाऊक नव्हतं.

अर्धा तास पोपटराव तिथेच खुर्ची टाकून बसले. मधे त्यांनी सर्जेरावाच्या कानात काही सांगितलं आणि तो सायकल घेऊन गेला. रंभेला वाटलं, ट्रकसाठी गेला असेल.

बाटली हाताला चटका देण्याइतकी तापली, तेव्हा तिनं पदरानं धरून ती उचलली, माठातलं पाणी तिच्यात भरलं आणि पोपटरावांपुढे धरली.

"प्या, मालक."

पोपटरावांनी बाटलीकडे पाहिलं. वास घेतला नाही, हात पुढे केला नाही. "मला तहान न्हाई," ते म्हणाले. आणि मग फाटकाकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "ये रं, म्हाळू!"

सर्जेराव म्हाळूला घेऊन आला होता. रात्रपाळी करून झोपलेला माणूस, डोळे चोळत, पायजम्याची नाडी आवळत आला होता.

"म्हाळू, तुझ्या बायकुला समजाव. म्हणती ह्या बाटलीतलं पानी पिलं की माणूस मरतो. घोटभर पिऊन दाखव तिला. मग बस आपल्याजवळ."

स्वतःच्या मळ्यातलं विष, स्वतःच्या डेपोतली बाटली, आणि पिऊन दाखवायला दुसरीच्या कुंकवाचा धनी! अशा वेळी धरणी दुभंगत नाही, वीज पडत नाही. पोपटरावांची टोपीसुद्धा हलली नाही. आणि म्हाळूनं, ज्याला कुणाला नाही म्हणणं माहीत नव्हतं, त्यानं हात पुढे केला.

बाटली रंभेच्या हातात होती. ती खाली टाकून फोडता आली असती. पण मग पोपटराव म्हणाले असते, बघा, हिलाच भीती वाटली. तिनं बाटली नवऱ्याच्या हातात दिली.

"प्या," ती म्हणाली. "पर आदी वास घ्या. तोंडावर अंगठा ठिवा, हलवा, मग घ्या. पोरांची आन हाय तुम्हाला."

म्हाळूनं अंगठा ठेवला, बाटली हलवली, नाकाला लावली. शेडमधल्या साती जणी उभ्या राहून बघत होत्या. त्याच्या नाकपुड्या आक्रसल्या. त्यानं पुन्हा एकदा हुंगलं, मग बाटली हळूच फरशीवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरला.

"मालक... ह्येला लईच वास मारतोय."

कस्तुराबाई पुढे आल्या, त्यांनी हुंगलं. मग दुसरी आली, तिसरी आली. प्रत्येकीनं वास घेऊन झाल्यावर पोपटरावांकडे पाहिलं. सात जणींनी एकामागून एक असं पाहिलं, की त्यांना खुर्चीत बसवेना.

"बरं बाबा, फोडा!" पोपटराव उठत म्हणाले. "एकुणीस बाटल्यांसाठी एवढा तमाशा. मी कवा न्हाई म्हणालो? मी म्हणतच हुतो, खात्री करून घ्या."

रंभेनं एकेक बाटली उचलून खड्ड्यात फोडली. कस्तुराबाई तिच्या हातात देत होत्या आणि ती मोजत नव्हती, पण शेवटची फुटली तेव्हा तिला वाटलं, निमोण्याच्या बैलगाडीतून आज आपण खाली उतरलो. कुठे तरी, पुण्याला, नगरला, जिथे कुठे ती बिअर जाणार होती तिथे, एकोणीस घरांत आता काहीच घडणार नव्हतं. त्या घरांना ते कधी कळणारही नव्हतं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण पोपटरावांना शेवटचा शब्द आपलाच हवा होता. त्यांनी दुकानातून बर्फातली एक बाटली मागवली.

"घे, म्हाळू. घाबरलास गड्या. तोंड वाळलं असंल."

म्हाळूनं बाटली घेतली. बूच काढलं. आणि मग त्यानं बायकोनं सांगितलं होतं तस्सं केलं. तोंडावर अंगठा ठेवला, हलकेच हलवली, नाकाला लावली, डोळे मिटून चांगला दीर्घ वास घेतला. फेस त्याच्या मनगटावरून ओघळला. तो हसला.

"ही बेस हाय," तो रंभेला म्हणाला. अगदी शहाण्या पोरानं धडा म्हणून दाखवावा तसा. आणि त्यानं ती तोंडाला लावली.

"बघ, रंभे," पोपटराव म्हणाले, "बाटली साफ असली की कुटं काय व्हतंय?"

सगळे हसले. या वेळी कस्तुराबाईसुद्धा हसल्या, कारण आता भीती संपली होती आणि सगळ्यांना हसायचंच होतं. रंभा नवऱ्याचा गळा वरखाली होताना पाहत होती. उन्हात त्याचे डोळे वर झाले होते आणि त्यांतला पिवळेपणा तिला इतका स्पष्ट कधी दिसला नव्हता. घोटभर पाण्याला भ्यालेला माणूस सबंध बाटली न थांबता पीत होता. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं!

म्हाळूनं रिकामी बाटली फरशीवर ठेवली आणि मिशा पुसल्या. रंभा वाकली. तिनं ती उचलली, तोंडावर अंगठा दाबला, हलवली, नाकाला लावली. मग खड्ड्यापाशी गेली आणि ती एकोणीस बाटल्यांच्या काचांवर आपटून फोडली.

"आगं ए!" पोपटराव ओरडले. "ती चांगली हुती!"

"न्हाई, मालक. हिलाबी वास हाय."

"कसला?"

"इखाचा," रंभा म्हणाली. "त्या इखानं मरायला अर्धा दिस लागतो, हिच्या इखानं पाच वर्सं. एवढाच फरक हाय."

शेडमध्ये कुणी हसलं नाही. पोपटराव लाल झाले. आपल्या मळ्यातलं विष उघडं पडलं तेव्हा ते असे लाल झाले नव्हते. त्यांनी सर्जेरावाला सांगितलं, "हिची हजेरी आजपासनं बंद."

एकोणीस बाटल्या फोडून तिचं काम गेलं नव्हतं, ते विसाव्या बाटलीनं गेलं. तिनं हातपाय धुतले, डबा उचलला आणि ती रेल्वेलायन ओलांडून भर दुपारी घराकडे निघाली. म्हाळू तिच्या मागे मागे चालत होता. त्याला राग आला नव्हता, नुसतं कोडं पडलं होतं. सुजलेले पाय रुळांवरून उचलत घरापर्यंत तो तिला एकच गोष्ट समजावत राहिला.

"चांगली हुती की गं ती. म्या वास घेतला हुता. चांगली हुती."